मुऱ्हाळ्याची मोटर

कुठल्याही वस्तूला हात लावायचा झाला, की आमचे मिस्तरी आधी हाताची पाठ लावत. तळवा कधीच नाही. विजेच्या तारेला तळवा लागला तर बोटं आपोआप मिटतात आणि तार सुटत नाही. पाठ लागली तर हात झटक्यानं मागे येतो. हे कारण मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्यांना चहाच्या कपाला, दाराच्या कडीला, बाजारातल्या टरबुजाला आणि एकदा तर माझ्या तापलेल्या कपाळालाही उलटा हात लावताना पाहिलं होतं, आणि माणूस थोडा चक्रम आहे अशी माझी खात्री झाली होती.

तुमच्याही गावात असा एखादा मिस्तरी असेलच. आमच्या मिस्तरींचं शहाद्याला स्टँडमागच्या बोळात बॅटरीचं दुकान होतं. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, खेड्यातल्या रेडिओच्या मेलेल्या बॅटऱ्या त्यांच्याकडे येत. ते त्या फोडत, आतल्या शिशाच्या पट्ट्या बदलत, वरून डांबर ओतून बंद करत आणि मग चार्जिंगला लावत. ॲसिडचे शिंतोडे उडून त्यांच्या एकूण एक सदऱ्याला भोकं पडलेली असत. गिऱ्हाईक घाई करू लागलं की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं असे.

"तिले दम खावू द्या."

बॅटरीला दम, चहाला दम, भांडून आलेल्या माणसालाही दम. मी साताऱ्याकडचा, हायस्कुलात विज्ञान शिकवायला नवाच आलेला, आणि स्वभावानं उतावळा. प्रयोगशाळेसाठी ॲसिड आणायला म्हणून त्यांच्याकडे गेलो आणि मग रोज संध्याकाळी जाऊ लागलो. मी त्यांना पुस्तकातले नियम सांगायचो. ते हातातलं काम थांबवून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "तुम्ही शिकेल मानूस शेत, गुरुजी." शिकलेला माणूस म्हटलेलं ऐकून मी फुगायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षी होळी झाल्यावर एका संध्याकाळी ते नेहमीसारखं ऐकेनात. काम बाजूला ठेवून म्हणाले, "गुरुजी, तीन आखाज्या गयात."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तुमच्याकडे त्या दिवशी आंब्याचा रस खाऊन लोक झोपत असतील, पण खानदेशात हा लेकींचा सण आहे. सणाआधी बाप किंवा भाऊ मुऱ्हाळी होऊन लेकीच्या सासरी जातो आणि तिला माहेरी घेऊन येतो. झाडांना झोके बांधतात, लेकी गाणी म्हणतात. ज्या घरी लेक येत नाही, त्या घराबद्दल सगळी गल्ली हळू आवाजात बोलते. मिस्तरींना मुलगा नव्हता. एकच मुलगी, इंदू, प्रकाशा या गावी दिलेली. तीन वर्षं त्यांच्या बायकोनं दारातल्या निंबाला झोका बांधला होता आणि सण गेल्यावर कुणाशी न बोलता सोडून ठेवला होता.

कारण ऐकाल तर हसाल. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मिस्तरी दुकानातून तसेच सायकलवर बसून मुऱ्हाळी गेले. व्याह्यांनी मोठ्या मानानं ओसरीवर नवी पांढरी गादी घातली होती. मिस्तरी तिच्यावर बसले, जेवले, लेकीला घेऊन आले. धोतराला लागलेलं ॲसिड गादीत उतरलं होतं. पुढे गादीची खोळ धुतली तेव्हा तिला बसणाऱ्याच्या आकाराची भोकं पडली. गावातल्या लोकांनी व्याह्यांची इतकी टर उडवली, की ते चिडले ते चिडलेच. पुढच्या वर्षी मिस्तरी गेले तेव्हा त्यांना अंगणातच उभं करून ते म्हणाले, "सायकलवर येस नि गादी जाळस! आते सोतानी मोटर लयीसन ये, मंग धाडसू आंडेर."

आंडेर म्हणजे लेक, आणि सोतानी म्हणजे स्वतःची. मी म्हटलं, "भाड्यानं एखादी जीप करा ना." ते मान हलवून म्हणाले, "तो सोतानी बोलना. मन्ही मोटर जोयजे." आणि मग बॅटऱ्यांच्या रांगेकडे बोट करून म्हणाले, "बॅटरीवर चाली का, गुरुजी?"

मोटर त्यांनी आधीच हेरून ठेवली होती. ब्राह्मणपुरीच्या एका गुजर पाटलांच्या खळ्यात विलायती बनावटीची एक लहान मोटर कित्येक वर्षं पडून होती. इंजिन फुटलेलं, त्याचे भाग मिळणं बंद झालेलं, आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. पाटलांच्या विहिरीवरचा नवा विजेचा पंप मिस्तरींनीच दोनदा सुरू करून दिला होता. मिस्तरींनी मोटर मागितली, तसे पाटील हसून म्हणाले, "लई जा. पण कोंबड्यांले विचारीसन." बैल जुंपून आम्ही ती शहाद्याला आणली.

इंजिन काढल्यावर पुढची जागा रिकामी झाली. तिथं काय बसवायचं, हे मी सांगितलं, आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे. गावाबाहेर तंबूतला सिनेमा असे, तो बंद पडला होता आणि त्याचा डायनॅमो मिस्तरींच्या दुकानात दुरुस्तीला येऊन तसाच राहिला होता. डायनॅमो फिरवला की वीज देतो. त्यालाच वीज दिली तर तो फिरतो. पुस्तकातलं हे वाक्य मी मुलांना दरवर्षी पाठ करून घेत असे, पण करून कधी पाहिलं नव्हतं. सिनेमावाल्याला पत्र टाकलं, त्याचं उत्तर आलं, की ठेवून घ्या. आम्ही चार बॅटऱ्या जोडल्या आणि डायनॅमो गरगर फिरू लागला. मिस्तरी जमिनीवर बसले आणि बराच वेळ नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

आखाजीला दीड महिना होता. मिस्तरींनी भंगारातून निवडून निवडून दहा बॅटऱ्या नव्यानं बांधल्या. सहा पुढे इंजिनाच्या जागी, चार मागे कोंबड्यांच्या जागी. डायनॅमो लोहारानं गिअरपेटीला जोडून दिला. पण एकदम सगळी वीज सोडली तर तारा जळाल्या असत्या. त्यावर मिस्तरींनी काढलेला तोडगा मला कुठल्या पुस्तकात सापडला नसता. त्यांनी घरातली लोणच्याची चिनी मातीची बरणी आणली, तीत धुण्याच्या सोड्याचं पाणी भरलं, तळाशी एक लोखंडी पत्रा ठेवला आणि दुसरा पत्रा दोरीनं वर टांगला. वरचा पत्रा जसजसा खाली सोडावा, तसतशी जास्त वीज जाई. मोटर नीट चालू लागली की शेजारचा खटका दाबायचा, म्हणजे वीज बरणी सोडून थेट जाई. लोणचं कुठं काढून ठेवलं ते त्यांच्या बायकोनं मला विचारलं होतं, जणू ते मीच खाल्लं होतं.

पहिल्या दिवशी बोळात माणसं जमली. मिस्तरी स्टिअरिंगच्या चाकामागे बसले, मी दोरी सोडली. पाणी फसफसलं, मोटर हलली आणि सरळ मागे जाऊन भिंतीला भिडली. मी अधिकारवाणीनं सांगितलं, "बॅटरीची टोकं उलटी जोडा." जोडली. मोटर पुन्हा मागेच गेली. बोळात कुणीतरी ओरडलं, "मास्तरनी मोटर मांगे जास रे!" दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर ते वाक्य लिहिलेलं होतं.

मिस्तरी चिडले नाहीत. दोन दिवस डायनॅमोसमोर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरच्या तारांना हातच लावला नाही, फक्त आतल्या वेटोळ्याच्या दोन तारांची अदलाबदल केली. मोटर पुढे गेली. असं का झालं ते मी घरी जाऊन पुस्तकात शोधलं, तेव्हा कुठं ते मला समजलं.

यातून मी शहाणं व्हायला हवं होतं. पण मोटर किती लांब जाईल, याचं गणित मी मांडलं. बॅटरीत किती वीज मावते, मोटर किती ओढते, भागाकार केला आणि जाहीर केलं, की प्रकाशाला जाऊन परत येऊन वर तासभर पुरेल. मिस्तरींनी दोनदा विचारलं, "नक्की का, गुरुजी?" मग घुटमळत म्हणाले, "बॅटरीमातून दमादमानं काढं तं लई पुरस. वढीसन काढं तं लवकर बसी जास. मन्हा असा अनुभव शे." मी म्हटलं, "वीज तेवढीच असते, मिस्तरी. हळू काढा की जोरात." त्यांनी मान डोलावली. मी शिकलेला माणूस होतो ना.

सणाच्या दोन दिवस आधी, सकाळी आठला आम्ही निघालो. मिस्तरींनी नवा सदरा घातला होता, आणि तो खराब होऊ नये म्हणून सीटवर गोणपाट अंथरलं होतं. त्यांच्या बायकोनं विहिणीसाठी लुगडं दिलं आणि मोटरीच्या चाकावर पाणी ओतलं. तिनं मला विचारलं, "येतीन ना, गुरुजी?" मी म्हटलं, "दुपारी चारला दारात."

पहिले दोन-तीन मैल मी जन्मात कधी नव्हतो इतका खूश होतो. मोटर सायकलीपेक्षा थोडी जोरात, जवळजवळ आवाज न करता चालली होती. बैलगाड्यांतली माणसं वळून बघत. वैशाखातलं ऊन वाढत होतं, बरणीतलं पाणी ऊन झालं होतं, पण खटका दाबल्यावर तिचं काम नव्हतं. मिस्तरींचे डोळे रस्त्यावर आणि कान पुढच्या पेटीकडे होते.

अर्ध्या वाटेच्या पुढे त्यांनी मोटर थांबवली. मला काहीच जाणवलं नव्हतं. ते म्हणाले, "आवाज पडना." उतरून त्यांनी काचेची नळी काढली. तिच्यात बॅटरीतलं पाणी ओढून घेतात. आत एक काचेचा लहान फुगा असतो, तो वर तरंगला तर बॅटरी भरलेली, बुडाला तर रिकामी. पहिल्या बॅटरीत फुगा बुडाला. दुसऱ्या बॅटरीतही. मी त्यांच्या हातातून नळी घेतली आणि दहाही बॅटऱ्या पाहिल्या. वीज हळू काढा की जोरात, तेवढीच असते, असं मी सांगितलं होतं, आणि ते साफ खोटं निघालं होतं.

"मिस्तरी, माझं गणित चुकलं," मी म्हटलं. "परत यायला पुरणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस मला दोन शब्द सुनावणार, आणि मी ते ऐकायला तयार होतो.

"जावाले पुरी का?"

"पुरेल. कशीबशी पुरेल."

"मंग चुकनं नई. तठे पोचनूत का पोर मन्हासंगे शे."

त्या क्षणी मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. मी ते केलं नाही, मास्तर होतो म्हणून. गाव दिसू लागलं तसं त्यांनी मोटर एका निंबाखाली घेतली आणि अर्धा तास तशीच उभी ठेवली. ओढून दमलेली बॅटरी नुसती उभी राहिली तरी थोडी सावरते, हेही मला त्या दिवशी कळलं. एक सायकलवाला थांबून म्हणाला, "बंद पडनी का?" मिस्तरी म्हणाले, "नई. दम खाई ऱ्हायनी."

गावात मात्र मोटर ऐटीत शिरली. व्याह्यांच्या दारात पन्नास-साठ माणसं गोळा झाली. व्याही उंच, मिशाळ, कपाळाला आठ्या घेऊनच जन्माला आलेले. त्यांनी मोटरीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं, पुढचं झाकण उघडायला लावलं.

"इंजन कोठे शे?"

"बॅटरीवर चालस," मिस्तरी म्हणाले.

"आवाज काबर नई येस? कोनी ढकलीसन तं नई लयनात?" लोक हसले. व्याही हसले नाहीत. "मी बठसू. देऊळपावत नेस नि परत लयेस. मंग पोर बठी."

देऊळ गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, नदीकाठी. जाऊन-येऊन मैलभर सहज झाला असता. मी मिस्तरींकडे पाहिलं. वाटेत मोटर बसली असती, तीही व्याह्यांना आत घेऊन, तर चौथीच काय, पुढच्या कुठल्याच आखाजीला इंदू आली नसती. मिस्तरींनी व्याह्यांपुढे हात जोडले. "याही, आगोदर जेवन करू. भूक लागेल शे."

खापरावरच्या पुरणपोळ्या होत्या आणि आंब्याचा रस. मिस्तरींनी गोणपाट मोटरीतून आणलं आणि तेच घालून बसले. मी आयुष्यात इतका सावकाश जेवलो नाही. प्रत्येक घासागणिक बॅटरी सावरते आहे असा हिशेब करत, पाचवी पोळी मागून घेतली. व्याही हात धुऊन केव्हाच उठले होते आणि टोपी घालून अंगणात येरझारा घालत होते.

रस वाढायला इंदू आली. मी तिला प्रथमच पाहत होतो. बापासमोर ती वाटी घेऊन वाकली, पण दोघंही एकमेकांशी बोलले नाहीत. सासऱ्यांसमोर सून बोलत नाही. मिस्तरींची बोटं ताटात नुसती फिरत होती. ती आत गेली. थोड्या वेळानं मोटरीला हळद-कुंकू लावायचं म्हणून तबक घेऊन बाहेर आली. ओसरीवरून मला दिसत होतं. व्याह्यांची पाठ वळताच तिनं झाकण थोडं उचललं, आतली काचेची नळी घेतली, तीन-चार बॅटऱ्यांत बुडवून पाहिली, आणि पदरानं पुसून जागेवर ठेवली. बॅटरीच्या दुकानात वाढलेली पोर होती ती. परत रस वाढायला आली तेव्हा तिनं बापाकडे बघून अगदी थोडी मान हलवली, नाही म्हणून.

व्याह्यांनी मोटरीच्या दाराला हात घातला. "चाल, याही."

इंदू आत सासूच्या कानाशी काहीतरी बोलली. सासू, म्हणजे आमच्या मिस्तरींची विहीण, ठेंगणी, गोरीपान बाई, तोवर मी तिचा आवाजही ऐकला नव्हता. ती दारात आली आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, "मुऱ्हाळीनी गाडीमा लेकना आगोदर कोनी बठस का?"

व्याह्यांनी वळून तिला आत जायची खूण केली. "तू मजारमा जाय."

"मन्हा बाप बैलगाडी लयीसन येये, तवय तुमना बाप बठेत का तिन्हामा आगोदर?" ती जागची हलली नाही. "तोंडना सबद दिधा तुम्ही. मोटर उनी. आते पोरले बठू द्या."

व्याह्यांचा हात दारावर होता. माझ्या पोटात पाच पोळ्या आणि भीती असं दोन्ही होतं. मग त्यांनी दार उघडलं आणि बाजूला सरकले. इंदू गाठोडं घेऊन आली, सासूच्या पाया पडली, सासऱ्यांच्या पाया पडली आणि मागे, चार बॅटऱ्यांच्या कडेला अंग चोरून बसली.

मी दोरी सोडली. पाणी फसफसलं. मोटर हलली नाही. मी पत्रा पार तळापर्यंत सोडला, खटका दाबला. मिस्तरींच्या मानेवरून घाम ओघळत होता. मग हळूच, पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं, ती निघाली.

आणि व्याही बरोबर चालू लागले. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायची त्या गावची रीत. मोटर हळू होती म्हणून त्यांना काहीच त्रास नव्हता. मागे पोरं, शेजारी व्याही, आणि आम्ही तिघं आत जीव मुठीत धरून. वेस दोनशे पावलांवर होती. मग शंभर. गावातला तो लहानसा चढ आला तशी मोटर जवळजवळ थांबली, आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती चढ चढून गेली होती. मागे वळून पाहिलं, तर व्याह्यांचा हात मोटरीच्या पाठीवर होता. ते नुसता हात टेकून चालत होते की ढकलत होते, हे मी नक्की सांगू शकत नाही. मिस्तरींना मी पुढे अनेकदा विचारलं. ते म्हणायचे, "ढकलीच ऱ्हायना व्हता," आणि इंदू म्हणायची, "नई, टेकेल व्हता."

वेशीवर व्याही थांबले. "ये मंग," एवढंच म्हणाले. केळीच्या बागेच्या वळणाआड आम्ही गेलो आणि मोटर बसली. फसफस नाही, काही नाही. मिस्तरींनी चाकावरचे हात काढले, मागे वळून लेकीकडे पाहिलं आणि रडू लागले. पन्नाशीचा माणूस, नवा सदरा घातलेला, हुंदके देऊन रडला. इंदूही रडली. मी खाली उतरून केळी बघत उभा राहिलो, पण मलाही काही दिसत नव्हतं.

मग आम्ही मोटर ढकलली. इंदू उतरू लागली तर मिस्तरींनी दरडावलं, "आखाजीले येल आंडेर गाडी ढकलस का? चाक धर." दोन मैल आम्ही ढकलत आलो. पुढे शहाद्याकडे जाणारी एक रिकामी बैलगाडी भेटली, तिला दोर बांधला. दिवेलागणीला, बैलांच्या मागून, विजेवर चालणारी मोटर बोळात शिरली. मी चारची वेळ दिली होती. मिस्तरींची बायको दारात उभी होती. तिनं मोटरीकडे पाहिलंही नाही.

ती मोटर पुन्हा चालली नाही. मी नवं गणित मांडलं होतं, जास्त बॅटऱ्यांचं. मिस्तरींनी ऐकून घेतलं आणि दहाही बॅटऱ्या काढून गिऱ्हाइकांच्या ट्रकांना बसवल्या. लोक चिडवायचे, "काय मिस्तरी, जमनी का विजेनी मोटर?" ते म्हणायचे, "एकदाव गयी, एकदाव उनी." मी सवयीनं दुरुस्त करायचो, की आली कुठं, ओढून आणली. त्यावर ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "पोर उनी ना, गुरुजी?"

मोटर बैलांनी ओढून आणल्याची बातमी प्रकाशाला पोचायला किती वेळ लागणार? पुढच्या वर्षी आखाजीच्या आठ दिवस आधी व्याह्यांचा निरोप आला. मिस्तरींनी तो मला दोनदा ऐकवला. "सायकलवर ये. पन गादीवर बसू नको." तेव्हापासून मिस्तरी दरवर्षी सायकलवर जात, गोणपाटाची गुंडाळी मागे बांधून, आणि व्याही त्यांच्याशेजारी गादी सोडून जमिनीवर बसत, असं इंदू सांगत असे.

मिस्तरी फार जगले नाहीत. शिशाचं काम, पोटाचं दुखणं कायमचं. एकोणीसशे साठ-सत्तरच्या दरम्यानच्या एका हिवाळ्यात ते गेले. दुकानात दुसरा माणूस आला. मी तिकडून जाणं बंद केलं. संध्याकाळ कुठं घालवायची हे मला कळेना.

वैशाख आला. त्यांच्या बायकोला मी विचारलं नाही, तिनं मला सांगितलं नाही. मी ना भाऊ, ना नात्याचा, ना जातीचा. पण मुऱ्हाळी कोण जाणार, हा प्रश्न मला झोपू देईना. सणाच्या दोन दिवस आधी सकाळची एस.टी. धरून मी प्रकाशाला गेलो. काय बोलायचं, ते वाटेत दहा वेळा जुळवलं आणि दहा वेळा मोडलं.

व्याह्यांच्या अंगणात शिरलो तर ओट्यावर इंदू बसलेली. नवं लुगडं, शेजारी गाठोडं बांधलेलं. व्याही आतल्या बाजूला खांबाला टेकून होते. मला पाहून ते उठले.

"इंदू," मी म्हटलं, "मी न्यायला आलोय." आणि पुढचं जुळवलेलं सगळं विसरलो.

तिनं गाठोडं उचललं.

"कोन यी ते ठाऊक नव्हतं, गुरुजी," ती म्हणाली. "पन कोनी तरी यी, म्हनीसन सकायपाईन बठेल शे."